पाचावरची कडी

गोकुळदासनं तोंडावर सांगितलं, ते एका परीनं बरंच झालं. पाठीमागून फेरी काढून घेतली असती तर भिकाजी एके दुपारी भट्टीवर गेला असता आणि आपला पावाचा पांटला, म्हणजे टोपला, दुसऱ्याच्या गाडीला बांधलेला बघून तसाच परतला असता. पण गोकुळदास तसल्या जातीचा माणूस नव्हे. पार्से गावच्या तिठ्यावरची जुनी भट्टी त्यानं चालवायला घेतली होती, आणि विस्तवासमोर उभा राहणारा माणूस बोलायलाही सरळच असतो.

"भिकाजी, वयल्या वाड्यावरून परत फोन आला," तो म्हणाला. "चंद्रावतीबाय म्हणते, पाव येईपर्यंत चहा पिऊन कपसुद्धा धुऊन होतात, आणि येतो तो दगड होऊन येतो. तुझा गुडघा मला दिसत नाही असं नाही. माझा भाचा परेश स्कूटर घेऊन मोकळाच आहे. येत्या रविवारची दुपारची फेरी बघूया. तिच्या दारात पाव गरम पोचला तर फेरी तुझी. नाही तर सोमवारपासून परेश. राग मानू नको बाबा."

"राग कित्याक?" भिकाजी म्हणाला, आणि घरी आला. चपला न काढताच दाराबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर, म्हणजे सोप्यावर, जाऊन बसला.

कारखान्यातून आलेली त्याची मुलगी क्षमा अंगणात शिरली, तिनं बापाला सोप्यावर बघितलं आणि ती जागीच थांबली. इतरांच्या घरी सोप्यावर बसलेला बाप म्हणजे वारा खाणारा बाप. ह्यांच्या घरी त्याचा अर्थ वेगळा होता.

त्याचं असं. भिकाजी मूळचा बांद्याकडचा. मिसरूड फुटायच्या वेळेला डिचोलीच्या खाणीवर आला आणि दहा चाकी ट्रकच्या स्टेअरिंगला चिकटला तो चिकटलाच. तांबडी माती भरायची, धक्क्यावर नेऊन ओतायची, परत यायचं. पेडण्यात घर केलं, शालिनीशी लग्न केलं, क्षमा झाली. आणि मग खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभा राहून गंजला, विकला गेला, आणि भिकाजी सोप्यावर बसला. जवळजवळ दोन वर्षं. भांडला नाही, रडला नाही, दारूला शिवला नाही. शालिनी म्हणायची, पिणारा नवरा परवडला, निदान ओरडतो तरी. हा नुसता रस्त्याकडे बघत राहायचा, जेवायला हाक मारली की उठायचा आणि जेवून परत तिथंच.

त्याला त्या बाकावरून उठवलं ते पावानं. गोकुळदासचा पाव विकणारा माणूस सोडून गेला आणि भिकाजी सहज म्हणाला, दोन दिवस मी मारतो फेरी. दहा चाकांवरून दोन चाकांवर आला, पण ट्रक त्याच्या डोक्यातून गेला नाही. पांटल्यात उंडे, पोळ्या, कांकणं असे सगळ्या जातींचे पाव भरले की "माल भरलो" म्हणायचा. वळणावर समोरून कोंबडी आली तरी रबरी भोंगा पोंय पोंय वाजवून "सायड, सायड" ओरडायचा. गावातल्या बायका हसायच्या, त्याच्याशी भांडायच्या, आणि तो संध्याकाळी घरी येऊन कोण काय म्हणालं ते शालिनीला रंगवून सांगायचा. माणूस परत बोलायला लागला होता. फेरी गेली तर तो परत सोप्यावर जाणार आणि ह्या खेपेला उठणार नाही, एवढं क्षमाला स्वच्छ कळत होतं.

आता तुम्ही म्हणाल, एखादी जुनीपुरानी स्कूटर घ्यायची की. पण ट्रकाच्या हप्त्यांनी त्या घराला असा चटका दिला होता की हप्ता हा शब्द काढला तरी शालिनी उठून आत जायची. आणि म्हापश्याच्या डॉक्टरनं भिकाजीच्या गुडघ्यात पाणी झाल्याचं सांगून चढावर पायडल मारायला बंदी घातलेली. वयला वाडा, म्हणजे वरचा, डोंगरमाथ्याच्या सड्यावर, तिथवर तो सायकल ढकलत न्यायचा. म्हणजे चढ चुकत नाही आणि गुडघा ऐकत नाही, अशी आडवी-उभी अडचण.

दुसऱ्या दिवशी क्षमा तुयेच्या कारखान्यात आपल्या जागेवर बसली, हातात ड्रिल घेतलं आणि स्क्रू पिळायला लागली.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. पट्ट्यावरून स्विचबोर्डांची खोकी येतात, त्यांच्या झाकणाला बॅटरीवरच्या ड्रिलनं चार स्क्रू मारायचे आणि खोकं पुढं ढकलायचं. त्या ड्रिलच्या गळ्याला आकडे लिहिलेली एक कडी असते. कडी पाचावर ठेवली की स्क्रू पुरता घट्ट बसला की ड्रिल आपोआप कट कट कट करून जोर सोडून देतं. झाकण तडकत नाही. कडी शेवटपर्यंत फिरवली, जिथं आकड्याऐवजी भोक पाडायच्या सळीचं चित्र असतं, तर ड्रिल जोर सोडतच नाही, झाकणाचा भुगा होतो. त्यांची मुख्य बाई रेश्मा हिनं पहिल्याच दिवशी सगळ्या मुलींना दम भरला होता, "बॅटरी बदललीत की आधी कडी पाचावर. डोळे मिटून. झोपेत उठवलं तरी कडी पाचावर." एका शिफ्टमध्ये किती वेळा बॅटरी बदलायची आणि किती वेळा कडी चाचपायची, त्याची गणती कोण करतो. आणि कट कट कट ऐकू आलं की कान म्हणायचे, झालं, पुढचं घे.

तर त्या दिवशी स्क्रू पिळता पिळता क्षमाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. घरी एक जुनं ड्रिल होतं. कारखान्यानं नवी मागवली तेव्हा जुनी कामगारांना वाटून टाकली होती, त्यातलं एक, दोन दमलेल्या बॅटऱ्यांसकट. घरात त्याचा उपयोग एकदाच झाला होता. शालिनीनं त्याला रवी बांधून ताक घुसळलं होतं आणि ते ताक वाश्यापर्यंत उडालं होतं. जे यंत्र ताक छपराला लावतं, ते बापाला सड्यावर का नाही नेणार? ती एवढी खूश झाली की एका झाकणात पाचवा स्क्रू घालायला जागा शोधत बसली. शेजारची हसायला लागली तेव्हा भानावर आली.

संध्याकाळी बसमधून उतरली ती थेट नारायण वेल्डरकडे. त्याच्या भंगारातून एक मोठं दात्याचं चाक मिळालं, एक अगदी छोटं, आणि साखळीचा तुकडा. हे सगळं ओढणीत बांधून घरी आली आणि भिकाजीची सायकल अंगणात उलटी करून बसली.

"काय चलला हा?" भिकाजी सोप्यावरून म्हणाला. फेरीवरून आल्यापासूनचं त्याचं हे पहिलंच वाक्य असावं.

"तुझ्या गाडीक इंजिन बसवतंय," क्षमा म्हणाली.

शालिनी आमसुलं वाळत घालत होती. ती म्हणाली, "सायकलीक ताक घुसळूचा यंतर लावतंस? उद्या माझ्या पाट्याक चाकां बसव म्हणजे झाला."

पण भिकाजी उठला. एका पायावर भार देत आला आणि उलट्या सायकलीजवळ उकिडवा बसायला गेला, ते काही गुडघ्यानं जमू दिलं नाही, म्हणून पाटावर बसला. इंजिन म्हटल्यावर हा माणूस लांब बसेल होय? क्षमानं समजावलं. ड्रिलच्या तोंडात सळी, सळीवर छोटं चाक, तिथून साखळी, आणि साखळी मोठ्या चाकावरून पायडलच्या दांड्याला. छोट्यानं भराभर फिरायचं आणि मोठ्यानं सावकाश, पण ताकदीनं.

"म्हणजे पयलो गियर," भिकाजी म्हणाला. त्याला झटक्यात कळलं.

पहिला प्रयोग शुक्रवारी झाला आणि तो सपशेल फसला. सायकलीची साखळी उजव्या बाजूला असते, म्हणून दोघांनी ड्रिलही उजवीकडेच बांधलं. आणि मग लक्षात आलं की तिथून ते उलटं फिरवलं तरच सायकल पुढं जाते. बरं, उलटं तर उलटं. उलटं फिरवायचं बटण असतंच. क्षमानं ते दाबलं, साखळी ताणली गेली, सायकल हातभर पुढं सरकली, दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि उलट्या फिरण्यानं ड्रिलचा जबडा हळूहळू आपणच उघडला. सळी सुटली ती सणसणत आमसुलांच्या सुपात. शालिनी जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण भिकाजी हसत होता. पाटावर बसून, गुडघा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. क्षमाला वाटलं, सायकल चालो न चालो, एवढं तरी वसूल झालं. मग लगेच वाटलं, छे, चाललीच पाहिजे.

शनिवारी दोघांनी सगळं खोललं आणि डावीकडं नेलं. डाव्या बाजूनं ड्रिल सरळ फिरलं की सायकल पुढं. नारायणनं मोठं चाक पायडलच्या डाव्या दांड्याला पक्कं करून दिलं. ड्रिल दोन पट्ट्यांत धरून सायकलीच्या नळीला आवळलं. ड्रिलचा घोडा, म्हणजे चालू करायचा खटका, दाबायला भिकाजीनं एका मोडक्या सायकलीची ब्रेकची मूठ काढली, तिची तार ड्रिलच्या घोड्याला बांधली आणि मूठ हँडलला लावली. "ही माझी रेस," तो म्हणाला. कडी क्षमानं शेवटच्या चित्रावर फिरवून ठेवली. नीट, आठवणीनं. इथं काही तडकायचं नव्हतं, इथं जोर हवा होता.

उन्हं उतरता उतरता भिकाजी सीटवर बसला. पाय पायडलवर ठेवले. रेस दाबली. ड्रिल घुर्र करून उठलं, पायडल त्याच्या पायांसकट गरगर फिरायला लागले आणि सायकल अंगणातून सुटली ती फाटकातून बाहेर रस्त्यावर. त्याला काही करायचंच नव्हतं. पाय नुसते ठेवायचे, फिरवणारा दुसराच. क्षमा मागून धावली, शालिनी हातातला डाव घेऊन फाटकापर्यंत आली. रस्त्याच्या टोकाशी भोंगा वाजला, मग परत वाजला, आणि भिकाजी वळून परत येताना दिसला. तोंड लाल, केस उभे.

"टॉप," तो म्हणाला. "गाडी टॉपात आसा."

क्षमाला त्या रात्री जेवण गेलं नाही, आनंदानंच. पण एक अडचण होती. बॅटऱ्या जुन्या, एक बॅटरी अर्ध्या चढावर मान टाकणार. आणि दुसरी अडचण बापाची. वयल्या वाड्याच्या चढावर, बरोब्बर अर्ध्यात, काजऱ्याच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. गावाची सीम राखणारा तो देवचार, येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याला विडी, नारळ, रोट काहीतरी ठेवायचं. भिकाजी ट्रकावर होता तेव्हा डिचोलीकडच्या घाटीतल्या राखणदाराला विडी ठेवल्याशिवाय गियर टाकत नसे. इथं पहिल्या फेरीपासून तो त्या दगडावर पांटल्यातला पहिला उंडा ठेवत आला होता.

"बाबा, उद्याचो दिवस थांबा नको," क्षमा म्हणाली. "चढावर थांबलेली गाडी परत उचलताना ड्रिलाक जड जाता."

"राखणदाराक पाव ठेयल्याबगर मी वर जावचंय नाय," भिकाजी म्हणाला. "मगे फेरी गेली तरी चलात."

मग क्षमानं ठरवलं, थांबायचंच आहे ना, मग तिथंच बॅटरी बदलू. आपण दुसरी बॅटरी घेऊन काजऱ्याखाली उभं राहायचं. देवाचंही होईल आणि ड्रिलचंही.

रविवारी दुपारी क्षमा पुढं चालत गेली आणि काजऱ्याखाली जाऊन थांबली. काजूचा हंगाम. सगळ्या उतारावर पिकल्या बोंडांचा आंबूस वास, आणि तीन-चार बायका झाडांखाली वाकून काजू गोळा करत होत्या. बातमी पोचलेली होतीच. "काय गे, बापाशीक विमान केलंस म्हणे?" त्यातली एक म्हणाली. क्षमानं ओढणीत बॅटरी घट्ट धरली होती आणि कान खाली तिठ्याकडे लावले होते.

पोंय पोंय.

आधी भोंगा, मग ड्रिलची घरघर, मग वळणावर भिकाजी. पाठ ताठ, दोन्ही हात हँडलवर, ट्रकात बसायचा तसा. मागं निळ्या प्लास्टिकखाली भरलेला पांटला. आणि त्याच्याही मागं परेश, साक्षीदार म्हणून गोकुळदासनं पाठवलेला. स्कूटर एवढ्या सावकाश चालवता येत नसल्यामुळं तो दोन्ही पाय जमिनीला टेकवत येत होता. काजू गोळा करणाऱ्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या.

दगडाजवळ येईपर्यंत ड्रिलचा आवाज जड झाला होता. बॅटरी संपत आली होती, अगदी ठरल्याप्रमाणे. भिकाजी उतरला, सायकल स्टँडला लावली, प्लास्टिक उचलून एक उंडा काढला आणि दगडावर ठेवून हात जोडले. तेवढ्यात क्षमानं जुनी बॅटरी खाटकन काढली, नवी खाटकन बसवली, आणि बाकीचं हातांनी आपलं आपण करून टाकलं. एवढ्या झटपट की परेश म्हणाला, "अरे वा, पेट्रोल भरायला माझाच जास्त वेळ जातो."

भिकाजी सीटवर बसला. रेस दाबली.

कट कट कट कट.

सायकल बोटभर पुढं गेली आणि थांबली. त्यानं परत दाबली. कट कट कट. ड्रिल फिरत होतं, साखळी थरथरत होती, पायडल जागचे हलत नव्हते. आणि गंमत बघा, क्षमाच्या कानांना त्यात काही वावगं वाटेचना. दिवसभर ऐकायचा आवाज, झालं, पुढचं घे म्हणणारा. ती साखळी बघायला वाकली, साखळी ठीक. रेसची तार ओढून बघितली, तार ठीक. बॅटरी काढून परत घातली, हात गळ्यापाशी जाऊन आले, आणि परत कट कट कट.

"काका," परेश हळू आवाजात म्हणाला. वाईट मुलगा नव्हता तो. "पांटला माझ्याकडे द्या. मी वर पोचवतो. पाव निवतील."

एकदा पांटला स्कूटरवर गेला की गेला, हे तिघांनाही माहीत होतं. क्षमाच्या मनात आलं की आता बाबा उतरणार, चालत घरी जाणार आणि त्या बाकावर बसणार. आपणच त्याला दोन दिवस स्वप्न दाखवलं, आपणच तोंडघशी पाडलं.

भिकाजी उतरला. पण त्यानं पांटल्याला हात लावला नाही.

"थांब रे परेश," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गाडी बरी आसा. राखणदारान धरल्यान. माझीच चूक, पाव उपडो ठेयलंय. सुलटो ठेवन गाऱ्हाणा घालतंय, मगे सोडीत तो."

आणि खरोखरच तो दगडासमोर गेला, उंडा उचलून उलटा केला, हात जोडले आणि लांबलचक गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा राखणदारा, सीम तुझी, वाट तुझी, आम्ही तुझी लेकरं. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. परेशनं स्कूटर बंद केली. देवाला गाऱ्हाणं चालू असताना पाव निवतील असं कोण म्हणणार?

सगळीकडं शांत झालं, आणि त्या शांततेत क्षमानं रेस पुन्हा एकदा दाबली. कट कट कट. झालं, पुढचं घे. झालं? काय झालं? स्क्रू तर नाहीच इथं. हा तर स्क्रू घट्ट बसल्याचा आवाज. तिनं ड्रिलच्या गळ्याकडं बघितलं.

कडी पाचावर होती.

कोणी केली? भूत नव्हे, देवचार नव्हे, तिच्याच हातांनी केली होती. बॅटरी बसली की कडी पाचावर, डोळे मिटून. दोनदा बसवली, दोनदा पाचावर. त्या वेंधळ्या हातांना तिथल्या तिथं दोन फटके द्यावेत असं तिला वाटलं, पण फटके मारायलाही तेच लागले असते. तिनं कडी करकर फिरवत शेवटच्या चित्रापर्यंत नेली आणि म्हणाली, "बाबा, सोडल्यान."

भिकाजीनं गाऱ्हाणं आवरतं घेतलं, व्हय महाराजा म्हणून दगडाला हात लावून तो कपाळाला लावला, सीटवर बसला आणि रेस दाबली. सायकल अशी उसळली की पांटल्यावरचं प्लास्टिक फडफडलं. बायका ओरडल्या, पण आनंदानं. क्षमा धावायला लागली. पुढचं वळण सगळ्यात खडं, तिथं ट्रॅक्टरसुद्धा रडतो, आणि तिथं ड्रिलनं खरंच रडण्यासारखा आवाज काढला. सायकल मंद झाली, आणखी मंद झाली.

"काका, रेस सोडू नका," मागून परेश. साक्षीदार म्हणून आलेला, आता स्कूटरचा हॉर्न वाजवत सुटला होता. "दाबून ठेवा, दाबून."

"तू माका शिकवतंस?" भिकाजी ओरडला. "लोडेड गाडी हा ती. सायड दी."

आणि पायडल फिरले. एक फेरा, दुसरा फेरा, कुरकुरत, पण फिरले. वळण पार झालं, सडा लागला, सपाट रस्ता आला आणि भिकाजी पोंय पोंय करत असा सुटला की क्षमाला धाप लागून माडाला टेकावं लागलं. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

ती चंद्रावतीबायच्या अंगणात पोचली तेव्हा म्हातारी दारात उभी होती आणि हातातला उंडा मोडून बघत होती. कडक पापुद्रा कुरकुरला आणि आतून वाफ आली. थोडीशीच, पण आली. चंद्रावतीबायनं तो नाकाशी धरला. हिच्या जिभेला गावातले वकीलसुद्धा वचकून असतात.

"अरे, अजून चायचं उदक ठेवलं नाय, आणि पाव घेऊन इलंस?" ती भिकाजीला म्हणाली. "माणसानं जेवून जरा आडवं व्हायचं की नाय?" मग आत जाऊन तिनं गोकुळदासला फोन लावला, तो अंगणात सगळ्यांना ऐकू आला. "पाव पोचलो. गरम आसा. पण भिकाजीक सांग, उद्यापासून जरा उशिरा येऊक."

परेशनं भिकाजीचा हात हातात घेऊन हलवला आणि सायकलीभोवती फिरून ती सगळीकडून बघितली. मग कडीला बोट लावून विचारलं, "हे कशाला?" क्षमानं त्याचा हात बाजूला केला.

उतरताना ड्रिलची गरज नव्हती. रिकामा पांटला क्षमानं डोक्यावर उपडा घेतला आणि ती कॅरिअरवर बसली, लहानपणी ट्रकाच्या केबिनमध्ये बसायची तशी बापाच्या पाठीमागं निर्धास्त. भिकाजी ब्रेक लावत सावकाश उतरत होता आणि चंद्रावतीबायची नक्कल करत होता. क्षमाला मात्र चैन पडेना.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "राखणदारान नाय धरल्यान. माझी चूक. कडी मी पाचावर केलंय."

"म्हायत आसा," भिकाजी म्हणाला.

"म्हायत आसा? कसा काय?"

"अगो, उभो जलम क्लच दाबण्यात गेलो माझो. क्लच सुटल्याचो आवाज माका कळूचो नाय?" त्यानं वळणावर रिकाम्या रस्त्याला भोंगा वाजवला. "पण खयची कडी खय फिरवूची ती तुकाच म्हायत. तुका जरा वेळ व्हयो होतो. आणि चार लोकांदेखत बापाशीन चेडवाची चूक काढूची?"

क्षमानं बापाच्या पाठीवर कपाळ टेकलं. शर्ट घामानं भिजलेला होता आणि त्याला पावाचा वास येत होता.

काजऱ्याखाली त्यानं ब्रेक लावला. बायका काजू घेऊन घरी गेल्या होत्या, दगडावर त्याचा उंडा तसाच होता, सुलटा. भिकाजीनं खिशातून आणखी एक काढला. चंद्रावतीबायनं त्याला चहाबरोबर खायला दिला होता तो, त्यानं खाल्ला नव्हता. तो त्यानं पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"हो कित्याक?" क्षमानं विचारलं. "एक ठेयलंस ना वर जाताना?"

"तो वाटेचो," भिकाजी म्हणाला. "हो दुसरो माफीचो. त्या बिचाऱ्यान काय्येक केल्यान नाय, आणि मी तुझ्यासाठी त्याच्यावर आळ घातलंय."

त्यानं हात जोडले, क्षमानंही जोडले. मग दोघं सायकलीवर बसून घरी आली, आणि भिकाजी सोप्याजवळून तसाच पुढं गेला, थेट स्वयंपाकघरात, शालिनीला सगळं पहिल्यापासून सांगायला.